पीळ सोसणारी नळी

ज्वारीच्या धांड्याची साल सोलायची, आतल्या भेंडात त्याच सालीच्या चोया खोचायच्या, की झाली बैलगाडी. अमरावती-अकोल्याकडच्या पोरांच्या बोटांना हलकं काय आणि ताठ काय, हे असं खेळता खेळताच कळत आलं. विमानाच्या इतिहासातही असंच एक खेळणं आहे.

ऑगस्ट १८७१. पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनोनं रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान ११ सेकंद उडवलं. त्याचं धड म्हणजे नुसती काडी. पुढं माणूस नेणारं विमान त्यानं कागदावर आखलं, पण पैसा कुणी दिला नाही. १८८० मध्ये, अवघ्या तिशीत, त्यानं जीव दिला. त्याआधी दोनच वर्षं, अमेरिकेत राइट बंधूंना वडिलांनी त्याच्याच धर्तीचं रबरावर उडणारं खेळणं आणून दिलं होतं.

रबराला जास्त पीळ भरला की काडीही पिळते, वाकते. म्हणून पुढच्या छांदिष्टांनी नळी केली. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं फार हलकं लाकूड. त्याची जेमतेम ०.८ मिलिमीटरची फळी गरम पाण्यात भिजवायची, नळकांड्याभोवती गुंडाळून बांधायची, वाळली की कडा चिकटवायच्या. रबर आत.

कागदाची सुरळी करून बघा. कड सुटी असेल तर ती सहज पिळते. चिकटवली की हटत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला प्रवासी विमान सुरू झालं. त्याचंही धड पातळ पत्र्याची, कडा पक्क्या जोडलेली पोकळ नळीच आहे.