हुजूर, सनद आणि परमिट

विलायतेतल्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वर्तमानपत्रं हुजूर पक्ष म्हणतात आणि लेबरला मजूर पक्ष. हे बारसं कुणी केलं कोण जाणे, पण बेतलं झकास. यमक जुळलं, मथळ्यात मावलं, आणि एकीकडे धनी व दुसरीकडे कामकरी हे वाचकाला न सांगता कळलं. मजूर फारसीतला: ‘मुज्द’ म्हणजे मोल, मोलानं राबणारा तो मजूर. हुजूर अरबी. त्याचा मूळ अर्थ नुसती उपस्थिती. हजर आणि हजेरी ही त्याचीच सख्खी भावंडं. ज्याच्यापुढे हजर राहायचं तो हुजूर, आणि जो हजर राहतो तो हुजऱ्या. एकाच धातूतून धनीही निघाला आणि त्याचा चाकरही, ही गंमत मला पुण्यात हुजूरपागेवरून जाताना हमखास आठवते.

नाव झकास, पण अर्ध्याच पक्षाचं. हुजूर म्हटलं की सांभाळ करणारा, वेळेला दटावणारा थोरला डोळ्यांपुढे येतो. त्या पक्षात तसे लोक होतेच. डिझरायलीनं १८४५ च्या ‘सिबिल’ कादंबरीत श्रीमंत आणि गरीब ही जणू दोन राष्ट्रं आहेत असं मांडलं आणि पंतप्रधान झाल्यावर १८७५ मध्ये सार्वजनिक आरोग्याचे आणि कामगारवस्त्यांचे कायदे केले. पण त्याच पक्षातून पुढे मार्गारेट थॅचर निघाल्या. सरकारनं माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी १९८० च्या कायद्यानं नगरपालिकांच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. या बाईंना ‘हुजूर’ म्हणायचं म्हणजे पंचाईतच. एकाच छपराखाली दोन भाऊबंद: एक म्हणतो, लेकरांना सांभाळा, दुसरा म्हणतो, लेकरं मोठी झालीत, किल्ल्या द्या.

हे भांडण बघायला लंडनला जायची गरज नाही. कल्याणपुढच्या विठ्ठलवाडी स्टेशनात उतरलं तरी भागतं.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना तिथल्या बराकींत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचं नाव उल्हासनगर झालं. छावणी गेली, तरी भाषेतून हटली नाही. आजही पत्त्यात कॅम्प असतो, सेक्शन असतो, बॅरक नंबर असतो. रिक्षावाला नुसतं ‘पाच नंबर, पाच नंबर’ ओरडतो आणि बसणाऱ्याला कळतं. बराकीतल्या संसारांना मधे भिंती नव्हत्या. गोणपाट आणि जुन्या साड्यांचे पडदे हीच वाटणी, असं जुनी माणसं सांगतात.

सरकारी कागदावर ही माणसं निर्वासित. हिंदीत शरणार्थी. पण फाळणीत घरदार गमावलेल्या अनेकांना हा शब्द झोंबला. आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी, असं ते सांगत. एकात कुणाच्या तरी आसऱ्याला येणं आहे, दुसऱ्यात स्वतःच्या हिमतीवर उभं राहणं. आमच्याकडचा ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग पहिल्या गोटातला. मायबाप हा मूळचा घरातला शब्द. वारकऱ्यांनी तो विठ्ठलाला दिला, नाटकातमाशावाल्यांनी रसिकांना दिला, आणि अर्ज लिहिणाऱ्यांनी सरकारदरबारी नेऊन ठेवला. त्यातला ‘सरकार’ फारसीतला, सर म्हणजे डोकं आणि कार म्हणजे काम. कामावरचा मुकादम, एवढाच त्याचा जीव. त्याच्यामागे आईबाप कसे येऊन बसले, हा आपल्या राजकारणाचाच इतिहास आहे.

मग सनद आली. १९५० च्या कायद्यानं निर्वासितांनी पाकिस्तानात मागे टाकलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवले गेले. त्याला सगळे ‘क्लेम’च म्हणत. १९५४ च्या भरपाई आणि पुनर्वसन कायद्यानं त्या दाव्यांपोटी भरपाई ठरली, आणि सरकारी जागा राहणाऱ्याच्याच नावावर करायची वाट खुली झाली. क्लेम असेल तर रक्कम त्यातून वळती करायची, नसेल तर हप्त्यानं भरायची, आणि शेवटी हातात सनद घ्यायची. थॅचरबाईंनी गाजवलेला व्यवहार कल्याणजवळ पाव शतक आधी होऊन गेला होता, आणि तोही नेहरूंच्या समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारकडून.

सनद या शब्दावर माझा जीव आहे. अरबीत तिचा अर्थ टेकू, ज्याच्यावर रेलता येईल असा आधार. मराठीत ती राजाकडून मिळालेला हक्काचा कागद झाली. बाळाजी विश्वनाथानं १७१९ मध्ये दिल्लीहून आणल्या त्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा. वकिलीची असते ती सनद, नागरिकांच्या हक्कांची असते ती सनद, आणि कलेक्टर असतो तो सनदी अधिकारी. देताना ही मेहेरबानी असते, दिल्यावर तो हक्क होतो. थोरल्याच्या कृपेनं सुरू झालेली गोष्ट धाकट्याचं स्वातंत्र्य बनते ती याच कागदावर. परंपरा मानणाऱ्यांतल्या दोन्ही भाऊबंदांची गाठ मला तिथेच दिसते.

ही गाठ जुनी आहे. उल्हासनगरला खेटून असलेल्या अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. त्याच शिलाहारांच्या मुलखात कोकणभर गद्धेगाळ नावाचे कोरीव दगड सापडतात. दिलेलं दान पुढे कुणी हिरावून घेतलं तर त्याच्या आईला उद्देशून गाढवाची शिवी त्या दगडावर चक्क कोरलेली असते, आणि वर चंद्रसूर्य. सभ्य माणसानं मोठ्यानं वाचू नये अशी ती शिवी, पण तिचा रोख बघा. ती चोराला नाही, पुढे येणाऱ्या राजाला आहे. दिलेल्यावर देणाऱ्याचाही हात पडू नये, ही सक्त ताकीद. मालमत्तेच्या हक्कावर युरोपात लिहिलेले जाडजूड ग्रंथ मला या एका दगडापुढे सौम्य वाटतात.

आता परमिट. कोनशिला बसवणाऱ्या राजाजींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला. त्याचं पहिलं संमेलन ऑगस्टात मुंबईला भरलं. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसनं नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला होता, तो या पक्षाचं तात्कालिक कारण. १९६७ मध्ये पक्षाचे ४४ खासदार निवडून आले. धंदा करायला, माल आणायला, कारखाना वाढवायला सरकारचा कागद लागतो, या व्यवस्थेला राजाजींनी परमिट-लायसन्स-कोटा राज म्हणून झोडपलं. मिनू मसानींसारखे मुंबईकर त्यांच्या बाजूला होते. पण याच राजाजींनी १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली होती आणि तिच्यापायी बुडणाऱ्या महसुलाच्या भरपाईसाठी विक्रीकर बसवला होता. १९७१ मध्ये करुणानिधी सरकार दारूबंदी उठवायला निघालं, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राजाजी विनवायला त्यांच्या घरी गेले. गिरणीला परमिट नको, गुत्त्याला मात्र कुलूप. त्यांना यात विसंगती वाटली नाही. मला वाटते, पण ती त्यांच्या एकट्याची नाही.

मुंबई इलाख्याचा दारूबंदी कायदा १९४९ चाच, म्हणजे उल्हासनगरच्याच वयाचा. तो रद्द कधीच झाला नाही. नुसता सैल होत गेला आणि जाताजाता मराठीला एक अस्सल शब्द देऊन गेला: परमिट रूम. उल्हासनगर ते बदलापूर रस्त्याला या पाट्या मोजायच्या म्हटल्या तर संध्याकाळ सरेल. कायद्यानं आजही पिणाऱ्याला परवाना लागतो, एका दिवसाचाही मिळतो. विचारतो कोण, हा भाग वेगळा. गिऱ्हाइकाच्या लेखी परमिट रूम म्हणजे जिथे विचारत नाहीत ती खोली. बंदीचा शब्द सुटीचा झाला.

आयातीवरच्या परमिटांनी उल्हासनगरला वेगळंच काही दिलं. परदेशी माल मिळत नसे, हौस तर होती. मग इथल्या गाळ्यांतून हुबेहूब माल निघू लागला आणि ‘मेड इन यूएसए’चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद देशभर झाला. बेकायदा होतं, आणि पुरुषार्थीही होतं. त्याच हिमतीनं बराकींच्या जागी मजले चढले. ते अनधिकृत ठरल्यावर खास उल्हासनगरसाठी राज्यानं २००६ मध्ये बांधकामं नियमित करायचा कायदा केला. नियमित म्हणजे एरवी रोज वेळेवर होणारं, जसा व्यायाम. पालिकेच्या भाषेत मात्र आधी चुकून मग माफ झालेलं. मे २०२१ मध्ये इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. सरकारनं बाजूला व्हावं म्हणणाऱ्यानं स्लॅबवर लक्ष कुणी ठेवायचं तेही सांगावं. आणि मायबाप व्हायचं असेल त्यानं इमारत चढत होती तेव्हा आपण कुठे होतो, ते सांगावं.

मराठीत मोकळीक सांगणारा एक सुरेख शब्द आहे, मुभा. अरबीतला ‘मुबाह’: धर्मशास्त्रानं ज्याचा आदेशही दिला नाही आणि ज्याला मनाईही केली नाही ते. थोडक्यात, ज्याबद्दल कुणाला विचारावंच लागत नाही. आपण मात्र म्हणतो, सरकारनं मुभा दिली. ज्याला देणाराच नव्हता त्या शब्दालाही आम्ही हुजूर मिळवून दिला. स्वतंत्र पक्ष १९७४ मध्ये विसर्जित झाला, त्याचं एक कारण मला या क्रियापदात दिसतं.

कॅम्पातल्या वाचकांना एवढंच सांगणं: घरात आजोबांच्या नावाची सनद असेल तर ती लॅमिनेट करू नका, तसा कागद आतल्या आत पिवळा पडतो. झेरॉक्स काढून ठेवा, आणि विकायला काढण्यापूर्वी एकदा ओळ न ओळ वाचा. शर्तीसुद्धा.