संत फाबिओला: लज्जा व प्रायश्चित्त

चौथ्या शतकांतील रोमची कुलीन स्त्री फाबिओला हिनें दुराचारी पतीस सोडून, तो जिवंत असतांच पुनर्विवाह केला होता. दुसरा पतीही वारल्यावर, उपवासकाळाच्या अखेरीस, ईस्टरच्या पूर्वदिनीं, गोणपाट नेसून ती लॅटरन महामंदिरांत पश्चात्तापी जनांमध्यें सर्वांदेखत उभी राहिली. संत जेरोम लिहितात कीं, तिच्याबरोबर बिशप, धर्मगुरु व लोकही रडले.

पुढें संपत्ति विकून तिनें रोमेंत रुग्णालय स्थापिलें. ज्यांस पाहून इतर तोंड फिरवीत, त्यांच्या जखमा ती स्वहस्तें धुई. इ. स. ३९९ मध्यें ती वारली, तेव्हां अंत्ययात्रेस सारें नगर लोटलें.

बंधुभगिनींनो, पापनिवेदनास जातांना जी लाज आपले पाय मागें ओढते, तीच प्रभुचरणीं वाहिली असतां सेवेचें बळ होते.