दिनविशेष : २८ मे १९६६
पर्सी स्लेजचे प्रेमगीत अव्वल स्थानी

अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत पर्सी स्लेज या गायकाचे 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन' हे गीत १९६६ साली आजच्या दिवशी पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि दोन आठवडे तिथेच राहिले. अलाबामा राज्यातल्या लेटन गावी १९४० मध्ये जन्मलेला स्लेज तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. रुग्णालयात परिचराची नोकरी सांभाळून तो आठवडाअखेरीस गात असे. शेफिल्ड येथील क्विन आयव्ही यांच्या छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले हे त्याचे पहिलेच गाणे. गीतकार म्हणून कॅल्विन लुईस आणि अँड्र्यू राइट यांची नावे आहेत.

सुरुवातीला स्पूनर ओल्डहॅम यांच्या ऑर्गनचे संथ सूर येतात. खाली बेसचे स्वर पायरी पायरीने उतरत जातात आणि त्यावर स्लेजचा आवाज एकदम वरच्या पट्टीत उठतो. गाण्याला ठरावीक ध्रुवपद नाही. प्रेमात सर्वस्व पणाला लावणाऱ्या माणसाची व्याकुळता कडव्यागणिक चढत जाते. गळ्यात चर्चमधल्या गायनाचा संस्कार आणि शब्दांत निखळ शरणागती, हे सोल संगीताचे मर्म इथे पुरेपूर उतरले आहे.

१९९१ मध्ये मायकेल बोल्टनच्या आवाजात हेच गीत पुन्हा अव्वल ठरले. २०१५ मध्ये स्लेजचे निधन झाले. मात्र त्याच्या मूळ गायनातली आर्तता आजही तितकीच ताजी वाटते. सोल संगीताची ओळख करून घ्यायची असेल, तर श्रीगणेशा याच गाण्याने करावा.