तेंपुरा

वर्धा मार्गावरील एखाद्या तारांकित हॉटेलाच्या मंद प्रकाशात, सुशीच्या शेजारी पुदिन्याच्या चटणीसह जेव्हा ‘तेंपुरा’ अवतरतो, तेव्हा भज्यांवर पोसलेला नागपूरकर त्यास जपानचा अस्सल पदार्थ समजून, किमतीकडे कानाडोळा करीत, आदराने हाताळतो. परंतु शब्दाची वंशावळ तपासू जाता तिचा उगम जपानात सापडत नाही. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोहोचलेल्या आणि पुढे नागासाकी बंदरात व्यापारासाठी स्थिरावलेल्या पोर्तुगीजांकडून तो जपानी भाषेत दाखल झाला, असे बहुतेक पंडित मानतात. मात्र त्याची व्युत्पत्ती मसालावाचक ‘तेंपेरो’पासून लावावी की मांसवर्ज्य उपवासदिनांच्या ‘तेंपोरास’पासून, याविषयी मतभेद आहेत. मला दुसरा पक्ष अधिक रुचतो, कारण उपवासाच्या निमित्ताने तळणाची चैन करणे आपणांस, साबुदाणावड्याच्या साक्षीने, मुळीच अपरिचित नाही. त्याच दर्यावर्दींनी गोमंतकमार्गे आपल्या पदरी ‘पाव’ घातला आणि जपानच्या पदरी ‘पान’. दोहोंचा मूळ पोर्तुगीज शब्द एकच. ‘सुशी’ हा शब्द मात्र निखालस जपानी: त्याच्या मुळाशी आंबटपणा आहे, आणि त्या पदार्थाचा पूर्वज म्हणजे भातात महिनोन्महिने आंबवलेला मासा, ज्यातील भात बहुधा फेकूनच दिला जाई.