‘निराश्रित’ ते ‘बहिष्कृत’ : अत्याचारपीडितांच्या साहाय्यकार्याचा एक अध्याय

जन्मावरून माणसाला हीन ठरवून त्याच्यावर हात उगारण्याची प्रवृत्ती जगात अनेक रूपांनी आढळते. अमेरिकेत ती वर्णद्वेषाच्या रूपाने प्रकट झाली, महाराष्ट्रात अस्पृश्यतेच्या रूपाने. ही दोन्ही रूपे सर्वस्वी एक नव्हेत. तथापि त्यांतील साम्य येथील विचारवंतांच्या ध्यानात फार पूर्वीच आले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला, यावरून ते स्पष्ट होते. अशा हिंसेला बळी पडलेल्यांना समाजातील साहाय्यकारी संस्थांनी कोणत्या प्रकारे आधार दिला, याचा विचार महाराष्ट्राच्या इतिहासाच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल.

या संस्थांच्या नावांपासूनच आरंभ करणे इष्ट होय. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत जी संस्था स्थापिली, तिचे मराठी नाव ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’ असे होते. १९०८ साली तिची शाखा पुण्यात निघाली. शाळा, वसतिगृहे, उद्योगशिक्षण ही तिची मुख्य कार्ये होती, व त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि ‘निराश्रित’ म्हणजे ज्याला आश्रय नाही तो. या शब्दातून उणीव व्यक्त होते. ती कोणामुळे निर्माण झाली, हे व्यक्त होत नाही. २० जुलै १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेने मात्र ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ असे नाव धारण केले. ‘बहिष्कृत’ या कर्मणी रूपात कर्ता अध्याहृत असतो. कोणी तरी बाहेर घातल्याखेरीज कोणी बहिष्कृत होत नाही. पहिल्या नावात दु:खाचे वर्णन आहे. दुसऱ्यात त्या वर्णनाबरोबर आरोपही आहे. सभेचे प्रारंभीचे कार्यही वसतिगृहे, वाचनालये अशाच स्वरूपाचे होते. नावात सूचित झालेला हा फरक कृतीत किती उतरला, याची कसोटी तीन वर्षांच्या आत महाड येथे लागली.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेसाठी लागणारे पाणीसुद्धा सुमारे चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले होते. वास्तविक चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने पूर्वीच केला होता. २० मार्च रोजी प्रतिनिधींनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर ते वीरेश्वराच्या देवळातही शिरणार असल्याची अफवा उठली आणि जमावाने परिषदेच्या मंडपावर हल्ला केला. जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या प्रतिनिधींना मारहाण झाली. स्त्रिया व मुलेही त्यातून सुटली नाहीत. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला.

या प्रसंगी काय केले गेले, याचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रथम जखमींच्या उपचारांची तजवीज झाली. प्रतिकारासाठी उत्सुक असलेल्या तरुणांना आंबेडकरांनी आवरले. त्यामुळे रक्तपात टळला आणि अपराधी कोण हा प्रश्नही संदिग्ध राहिला नाही. त्यानंतर प्रकरण फौजदारी न्यायालयात गेले व जून १९२७ मध्ये पाच आरोपींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. मधल्या काळात, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले आणि मार खाणाऱ्यांची बाजू त्यांच्याच मुखपत्रातून मांडली जाऊ लागली. उपचार, संयम, न्यायालय व वृत्तपत्र अशी ही चतु:सूत्री होय. अमेरिकेतही १९०८ च्या स्प्रिंगफील्ड येथील दंगलीनंतर १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी जी राष्ट्रीय संघटना निघाली, तिने न्यायालयीन लढा व डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी संपादिलेले ‘क्रायसिस’ हे मासिक याच साधनांवर भर दिला होता.

परंतु हिंसा केवळ लाठीकाठीची नसते. ऑगस्ट १९२७ मध्ये महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेच्या वेळी स्थानिक व्यापाऱ्यांनी माल देण्याचे नाकारल्याने धान्यसामग्री बाहेरून आणावी लागली. मंडपासाठी जागा मिळाली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाची. खेड्यातील महाराचे पोट बलुत्यावर अवलंबून असे. तक्रार केली की बलुते बंद, दुकान बंद, वाट बंद. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीनेही आर्थिक परावलंबन व सामाजिक बहिष्कार यांचा हा संबंध आपल्या अहवालात स्पष्टपणे नोंदविला आहे. देणग्यांवर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेला गावोगावच्या बलुत्याची भरपाई करणे शक्य नव्हते. आंबेडकरांनी १९२८ साली महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, त्यामागील एक कारण येथे सापडते. साहाय्य जेथे अपुरे पडते, तेथे कायदा बदलावा लागतो.

पुणे शहराचा अनुभवही याहून वेगळा नाही. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. ‘सोमवंशीय मित्र’चे संपादक शिवराम जानबा कांबळे व पां. ना. राजभोज हे त्याचे पुढारी होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. सुधारणेचे माहेरघर म्हणविणाऱ्या नगरात वसतिगृहाला देणगी मिळणे सुकर होते. देवळाच्या पायरीवर सोबत मिळणे दुष्कर होते. तरी न. वि. गाडगीळ यांच्यासारखे काही स्पृश्य कार्यकर्ते सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले, हेही नमूद केले पाहिजे.

चवदार तळ्याच्या दिवाणी दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने दिला. मारहाण एका दुपारची होती. न्यायासाठी दहा वर्षे लागली. पीडितांना मिळणारी सहानुभूती बहुधा पहिल्या आठवड्यात ओसरते, आणि साक्षीदारांवर दडपण येते ते त्यानंतर. तात्कालिक मदतीपेक्षा दीर्घकाळ टिकून राहण्याची शक्ती हीच अशा संस्थेची खरी पुंजी होय.

स्वातंत्र्योत्तर काळात यांपैकी काही कर्तव्ये शासनाने पत्करली. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा व त्याखालील १९९५ चे नियम यांत पीडितांना तातडीचे साहाय्य आणि साक्षीदारांना प्रवासखर्च देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला. ज्या शब्दाने एक संस्था आपली ओळख सांगत होती, तो आता अपराधाचे नाव झाला आहे. तथापि २०१२ च्या ऑगस्टमध्ये मारहाण व अफवा यांमुळे ईशान्य भारतातील अनेक विद्यार्थी व कामगार भयभीत होऊन पुणे सोडून गेले, तेव्हा चेहऱ्यावरून माणूस परका ठरविण्याची वृत्ती या नगरातही शिल्लक असल्याचे दिसून आले. अशा वेळी तक्रार नोंदविताना सोबत जाणे, निवारा देणे, अफवेचे निरसन करणे व खटला संपेपर्यंत पाठ न फिरविणे ही कामे कायदा आपण होऊन करीत नाही. ती शेजाऱ्यांच्या व संस्थांच्याच वाट्याला येतात. पीडिताला ‘निराश्रित’ मानणारी संस्था त्याला छप्पर देईल. त्याला ‘बहिष्कृत’ म्हणून ओळखणारी संस्था त्याच्यासह दाराबाहेर उभी राहून दार बंद करणाऱ्याला जाब विचारील. महाडचा इतिहास या दोन्हींची गरज दाखवितो.