पडद्यावरची आडवी रेघ : बुलढाण्याच्या संगणकीकरणाचे एक न लिहिलेले पान

काळ्या पडद्याच्या मधोमध एकच लख्ख आडवी रेघ. बाकी अंधार.

१९९०च्या दशकात किंवा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या तहसील कचेरीतल्या, सेतू केंद्रातल्या वा संगणक वर्गातल्या मॉनिटरने असे रूप दाखवले की तिथले काम थांबे. पाहणाऱ्याला वाटे, मॉनिटर गेला. जाणकार मेकॅनिक मात्र त्या रेघेकडे पाहूनच निम्मे निदान करी. रेघ दिसते आहे, म्हणजे वीजपुरवठा चालू आहे. ती उजळ आहे, म्हणजे पिक्चर ट्यूब आणि तिला लागणारा उच्च दाब शाबूत आहे. ती पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली आहे, म्हणजे आडव्या दिशेची यंत्रणाही ठीक आहे. बिघाड आहे तो फक्त चित्र वर-खाली पसरवणाऱ्या भागात. झाकणाचा एकही स्क्रू अजून काढलेला नसे.

हे निदान कसे शक्य होते, हे समजण्यासाठी १८९७ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी स्ट्रासबुर्ग येथील भौतिकशास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन याने निर्वात काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडून तो चुंबकाने वाकवला आणि समोरच्या चमकणाऱ्या पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका हलवून दाखवला. त्याला चित्रे दाखवायची नव्हती. विजेच्या प्रवाहाचे चढउतार डोळ्यांना दिसावेत, एवढाच हेतू होता. ही नळी जन्माला आली तीच मुळी न दिसणारी वीज दिसावी म्हणून. पुढे दूरचित्रवाणी आली, संगणक आला, पण तत्त्व तेच राहिले. नळीच्या मानेवर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यांना मेकॅनिक ‘योक’ म्हणतात. वेटोळ्यांचा एक संच झोताला डावीकडून उजवीकडे नेतो, दुसरा वरून खाली. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत हा झोत ४८० रेघा सेकंदाला ६० वेळा काढी. वरून खाली नेणारा प्रवाह थांबला की त्या साऱ्या रेघा एकमेकींवर पडत आणि उरे ती एकच.

अशा वेळी अनुभवी माणूस आधी ब्राइटनेस कमी करी. सगळी ऊर्जा एका रेघेवर पडल्यामुळे काचेआतला फॉस्फरचा लेप जळून तिथे कायमचा डाग राहण्याची भीती असे. मग तपास सुरू होई: उभ्या दिशेची आयसी, तिच्याजवळचे कपॅसिटर आणि सोल्डरचे जोड. पुष्कळदा दोष जोडातच सापडे. तापून आणि निवून सोल्डरला केसाएवढी गोल भेग पडलेली असे, आणि ती भिंगाखालीच दिसे.

ही विद्या जिल्ह्यात संगणकाबरोबर आली नाही. ती आधीच येऊन बसली होती. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झाले. १९८४ मध्ये देशात लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा असा सपाटा लागला की काही महिने जवळपास रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झाले. या लाटेने तालुक्याच्या गावागावांत टीव्ही दुरुस्तीची दुकाने निर्माण केली. पुढे मॉनिटर बिघडू लागले तेव्हा ते याच टेबलांवर आले.

पण टीव्ही आणि मॉनिटर यांत एक गंमतीचा फरक होता. भारतीय टीव्हीत आडव्या रेघा सेकंदाला १५,६२५ या वेगाने निघत. तो वेग ट्रान्सफॉर्मरच्या बारीक शिट्टीच्या रूपाने तरुण कानांना ऐकू येई, आणि ती शिट्टी आहे की नाही, यावरून मेकॅनिक सेटची नाडी पाही. व्हीजीए मॉनिटरचा वेग याच्या दुप्पट, सुमारे ३१,५००. माणसाच्या कानाची मर्यादा २०,००० च्या आसपास संपते. नव्या यंत्रासमोर जुना कान बहिरा ठरला; उरले डोळे आणि मीटर.

डोळ्यांना वाचता येण्यासारखे मात्र बरेच होते. चित्र पिवळे दिसले तर निळा रंग गेलेला. जांभळट-गुलाबी दिसले तर हिरवा. हिरवट-निळे दिसले तर लाल. येथे शहाणा मेकॅनिक पेचकस बाजूला ठेवून आधी केबल पाही. पंधरा पिनांच्या त्या प्लगमध्ये पहिली पिन लाल रंगाची, दुसरी हिरव्याची, तिसरी निळ्याची. कुणी घाईने प्लग खुपसला की एखादी पिन वाकून आत दबे आणि एक रंग नाहीसा होई. मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला की दोष कुणाचा, हे दोन मिनिटांत ठरे.

कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडत, त्यामागे तर महायुद्धाचा इतिहास आहे. रंगीत ट्यूबमध्ये पडद्यामागे बारीक छिद्रांची लोखंडी जाळी असते. अशा ट्यूबचे प्रात्यक्षिक अमेरिकेच्या आरसीए कंपनीने १९५० मध्ये दाखवले. लाल रंगाचा झोत फक्त लाल ठिपक्यावर पडावा, ही तिची जबाबदारी. शेजारी स्पीकर ठेवला की जाळी चुंबकित होते आणि झोत भलत्याच ठिपक्यावर जातो. उपाय ब्रिटिश नौदलाकडून आला. १९३९ मध्ये जर्मनीने समुद्रात पेरलेले सुरुंग जहाजाच्या लोखंडाचे चुंबकत्व ओळखून फुटत. ते चुंबकत्व निष्प्रभ करण्यासाठी चार्ल्स गुडीव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जहाजाभोवती तारांची वेटोळी गुंडाळून त्यांतून वीज सोडली. जर्मन गणिती गाउस याच्या नावाने चुंबकीय क्षेत्र मोजले जाते, म्हणून या क्रियेला ‘डीगाउसिंग’ हे नाव पडले. मॉनिटर सुरू करताना ‘धम्म’ असा आवाज येऊन चित्र क्षणभर थरथरे, ते हेच. ट्यूबभोवतीच्या वेटोळ्यातून उलटसुलट होणारा आणि झपाट्याने क्षीण होत जाणारा प्रवाह जाळीतले चुंबकत्व पुसून टाकी. त्या प्रवाहावर नियंत्रण ठेवणारा घटक गरम असेपर्यंत पुन्हा नीट काम करत नसे; म्हणून मॉनिटर पटापट बंद-चालू करून डाग जात नसत. तो काही वेळ थंड होऊ देणे, हीच दुरुस्ती.

एक दोष मात्र भारतीय विजेचा म्हणावा असा होता. विजेचा दाब वरखाली होई, म्हणून टेबलावर मॉनिटरला खेटून स्टॅबिलायझर किंवा यूपीएस ठेवलेला असे. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा बदलते. पडद्यावरचे चित्र ६० वेळा रेखले जाते. दोन्हींतला फरक दहाचा, म्हणून अक्षरे सेकंदाला दहा वेळा लटपटत. पडदा पाण्यातून पाहावा तसा दिसे. यात दुरुस्त करण्याजोगे आत काहीच नसे; स्टॅबिलायझर हातभर दूर सरकवला की चित्र स्थिर होई. असा दोष ओळखून पैसे न घेता उठणारा मेकॅनिक गावात नाव कमावी.

भूगोलाचाही वाटा होता. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, तुलनेने थंड. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडणारा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटातला द्रव उष्णतेने आटतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. त्यात मॉनिटरच्या बंद पेटीतला उबारा आणि जाळीवर साचलेली धूळ. चित्र उंचीला कमी होणे, वरच्या बाजूला दुमडणे, हे सारे आटलेल्या कपॅसिटरचे बोलणे. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने भर घातली. गेलेली वीज परतताना धक्का देऊनच परते.

हे काम जिवावरचेही होते. रंगीत ट्यूबच्या अंगावरच्या रबरी टोपीखाली सुमारे २५,००० व्होल्टचा दाब असतो आणि वीज काढून घेतल्यावरही काच तो भार धरून ठेवू शकते. म्हणून पेचकसाला तार बांधून, तिचे दुसरे टोक ट्यूबभोवतीच्या अर्थच्या वेणीला लावून, आधी तो भार उतरवायचा आणि एक हात खिशात ठेवायचा, हा या धंद्यातला पहिला पाठ. तो कुठल्याही पुस्तकाआधी उस्तादाकडून मिळे.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात विदर्भातलाच वर्धा होता. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला आणि चिखली, मेहकर, खामगाव यांसारख्या गावांत तरुण-तरुणी उबदार मॉनिटरसमोर रांगेने बसू लागल्या. या साऱ्याचे शासन निर्णय आहेत, निविदा आहेत, खरेदीचे आकडे आहेत. खरेदी केलेले यंत्र पुढची आठ-दहा वर्षे कोणी जिवंत ठेवले, हे सांगणारा कागद मात्र पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रतीपलीकडे सहसा जात नाही, आणि ती प्रत कुणी जपत नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन याने २००६ मध्ये ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापर आणि देखभाल यांवरून लिहावा, असा आग्रह धरला. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला तो तंतोतंत लागू पडतो. येथे कुठलेही यंत्र शोधले गेले नाही. येथे ते टिकवले गेले. ते टिकवणारी माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि त्यांच्या मुलाखती घेण्याचे काम अभिलेखागाराच्या वेळापत्रकाची वाट पाहू शकत नाही.

या विद्येचा शेवटचा डाव म्हणजे थकलेली ट्यूब. चित्र अंधुक, सुरू झाल्यावर उजळायला कितीतरी मिनिटे लागणारे, पांढऱ्या अक्षरांना शेपट्या फुटलेले: म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड झिजला. त्याला तापवणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट लागतात. मेकॅनिक तो दाब थोडा वाढवून कॅथोडकडून उरलेसुरले काम काढून घेई. काही महिने चित्र पुन्हा उजळे. गिऱ्हाइकाला हे आधी सांगणारे मेकॅनिक होते, न सांगणारेही होते.

शेजारच्या मराठवाड्यात उभ्या राहिलेल्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, तेव्हा जग सपाट पडद्याकडे वळले होते. पाहता पाहता मॉनिटर दुरुस्तीला येईनासे झाले. नवा पडदा दुरुस्तीच्या खर्चाच्या जवळ येऊन पोहोचला. १ मे २०१२ पासून देशात ई-कचऱ्याचे नियम लागू झाले, पण तोवर कितीतरी पेट्या भंगारात गेल्या होत्या. योकमधले तांबे सोलून वजनावर विकले जाई. शिसे मिसळलेल्या जाड काचेला मात्र गिऱ्हाईक नसे.