शांतिनिकेतनातील १० मार्च

फेब्रुवारी १९१५ मध्ये गांधीजी शांतिनिकेतनात आले. दक्षिण आफ्रिकेतील त्यांच्या फिनिक्स आश्रमाची मंडळी मगनलाल गांधींच्या देखरेखीखाली आधीच तेथे राहत होती. आपली सर्व कामे आपणच करावयाची, हा त्या मंडळींचा नेम होता. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकरही तेव्हा तेथेच होते. गांधीजींची व त्यांची पहिली भेट शांतिनिकेतनातच झाली.

गांधीजी येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते, तोच १९ फेब्रुवारीस पुण्यात नामदार गोखले यांचे निधन झाले. आपल्या राजकीय गुरूच्या वियोगाने व्यथित होऊन गांधीजी पुण्यास गेले आणि मार्चच्या आरंभी परतले.

त्यांनी शिक्षकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे एक विचार मांडला होता : पगारी आचारी न ठेवता स्वयंपाक आपणच का करू नये? रवींद्रनाथांनी सांगितले, की शिक्षकांना मान्य असेल तर आपली हरकत नाही. या उत्तरातील मर्म प्रत्येक संस्थाचालकाने ओळखावे असे आहे. मुलांना कामाला लावणे सोपे होते. पण शिक्षक स्वतः चुलीपाशी उभे राहणार नसतील, तर त्या आज्ञेला अर्थ उरला नसता.

१० मार्च रोजी प्रयोगास आरंभ झाला. कोणी भाजी चिरू लागले, कोणी धान्य निवडू लागले. नगेनबाबू आदी शिक्षकांनी स्वयंपाकघर व त्याचा परिसर स्वच्छ ठेवण्याचे काम पत्करले आणि हाती फावडी घेतली. पिअर्सन या इंग्रज शिक्षकाने तर या कामात स्वतःला झोकून दिले. सुमारे सव्वाशे विद्यार्थ्यांना असे कष्ट एकाएकी रुचणे शक्य नव्हते. काहीजण लवकरच थकले, वादही झाले. मोठमोठी भांडी घासणाऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून काही विद्यार्थी जवळ बसून सतार वाजवीत.

प्रयोग काही काळाने बंद पडला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गांधीजींचा मुक्काम संपला आणि नित्याचा क्रम पुन्हा सुरू झाला. उदाहरण घालून देणारी व्यक्ती दूर गेली, की ते उदाहरण रोज जगणारे दुसरे कोणीतरी लागते. तरीही तो दिवस पुसला गेला नाही. शांतिनिकेतनात १० मार्च हा ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जाऊ लागला. त्या दिवशी आचारी व सफाई कामगार यांना सुट्टी असते आणि त्यांची कामे शिक्षक व विद्यार्थी करतात.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज कचेऱ्या, कारखाने व रुग्णालये सांभाळतात. हाताखालच्या माणसाला जे काम आपण सांगतो, ते करण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न त्यांनी वर्षातून एकदा तरी स्वतःला विचारावा. मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न आम्हा पालकांनाही चुकलेला नाही.